निबंधाच्या वैयक्तिक भेटीत पेन कोणाच्या हातात असावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : नाशिक जिल्ह्यातील एका महाविद्यालयात तुम्ही तासिका तत्त्वावर मराठी शिकवता, द्वितीय वर्ष कला शाखेच्या तुमच्या वर्गात ऐंशी विद्यार्थी आहेत, आणि गेल्या सत्रापासून तुम्ही प्रत्येकाला स्वतंत्रपणे बोलावून त्याच्या निबंधातील चुका समोर बसून दाखवता. विद्यार्थी ‘हो सर’ म्हणतात, वही घेऊन जातात, आणि पुढचा निबंध पहिल्यासारखाच येतो. या भेटींना एवढा वेळ देण्यात अर्थ आहे का, आणि असल्यास त्या पंधरा मिनिटांत नेमके काय करावे, असे तुम्ही विचारले आहे. जाता जाता, लाल पेन वापरावे की नाही, हेही विचारले आहे.

मी नाशिकमध्येच बरीच वर्षे मराठीचे अध्यापन करते आहे आणि निबंधावर विद्यार्थ्यांशी एकेकट्याने बोलणे हा माझ्या कामाचा नेहमीचा भाग आहे, म्हणून जरा मोकळेपणाने सांगते. तुमच्या वर्णनावरून मला अडचण वेळेची वाटत नाही. त्या पंधरा मिनिटांत जवळजवळ सगळे काम तुम्हीच करता, ही खरी अडचण आहे. निबंध वाचता तुम्ही, चूक शोधता तुम्ही, दुरुस्ती सुचवता तुम्ही आणि ती कागदावर लिहिताही तुम्हीच. विद्यार्थी बाहेर पडतो तेव्हा त्याच्या हातात दुरुस्त झालेला कागद असतो, पण दुरुस्ती कशी करतात याचा अनुभव त्याच्या गाठीला नसतो. पुढच्या निबंधाचा विषय वेगळा असल्यामुळे त्या दुरुस्त्या तेथे उपयोगी पडत नाहीत आणि तो पुन्हा पहिल्या जागी येतो. त्याने तुमचे ऐकले नाही असे नव्हे. ऐकण्यापलीकडे त्याला काही करायलाच मिळाले नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच मान्य करते. ऐंशी विद्यार्थ्यांना प्रत्येकी पंधरा मिनिटे म्हणजे वीस तास होतात. तासिका तत्त्वावर मानधन घेतलेल्या तासिकांचेच मिळते, त्यामुळे हे वीस तास तुमच्या पदरचे जातात; ज्यांना दरमहा पूर्ण वेतन मिळते त्यांनी अशा वेळी त्यागाचे धडे देऊ नयेत, म्हणून मीही देणार नाही. माझ्या मते, प्रत्येक निबंधाला प्रत्येक विद्यार्थ्याची भेट घेण्याचा आग्रह तुम्ही सोडून द्यावा. सत्रात एका निबंधापुरती प्रत्येकाची एक नीट भेट व्हावी आणि बाकीच्या वेळी तीन-तीन जणांना एकत्र बसवावे. दुसरा मार्ग असा की एखादी तासिका केवळ लेखनासाठी ठेवायची, वर्गाला लिहायला लावायचे आणि कोपऱ्यातील बाकावर एकेकाला सात-आठ मिनिटे बोलवायचे. सात मिनिटांत एक गोष्ट होते, आणि एका भेटीत एकच गोष्ट व्हावी असे मला तरी वाटते.

ही पद्धत अमेरिकेतील विद्यापीठांत जुनी आहे. तेथे बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षाला लेखनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम असतो, वर्ग साधारण वीस-पंचवीस जणांचा असतो, आणि शिक्षक एखाद्या आठवड्याचे तास रद्द करून त्याऐवजी प्रत्येकाला भेटीची वेळ देतात. आपली वर्गसंख्या आणि आपले वेळापत्रक पाहता ते जसेच्या तसे उचलता येणार नाही. त्यातील एक गोष्ट मात्र आपल्याकडे सहज करता येते आणि नेमकी तीच आपण करत नाही : तेथे भेट होते ती मसुद्यावर, गुण पडण्याच्या आधी.

तुमच्या भेटी गुण दिल्यानंतर होतात असे तुमच्या लिहिण्यावरून दिसते. गुण पडलेला निबंध विद्यार्थ्याच्या दृष्टीने संपलेला असतो. तो तुमच्यासमोर बसतो ते ‘दहापैकी सहाच का’ हे समजून घ्यायला, आणि तुम्ही चुका दाखवता त्या त्याला सहा गुणांचे समर्थन वाटतात. हीच भेट सबमिशनच्या आठ-दहा दिवस आधी ठेवली तर त्याच कागदावर त्याला अजून काही करायचे असते, आणि तुमच्या बोलण्याचा उपयोग त्याला त्याच रात्री होतो. मला एकच बदल सुचवायला सांगितला असता तर मी हाच सुचवला असता. अंतर्गत मूल्यमापनात तुम्हाला थोडी मोकळीक असेल, तर पहिल्या मसुद्याला गुण न देता पहिल्या आणि दुसऱ्या मसुद्यातील फरकाला थोडे गुण ठेवा. विभागप्रमुख मान्य करतील की नाही हे ज्याच्या त्याच्या महाविद्यालयावर आहे.

भेटीला येताना विद्यार्थ्याने दोन वस्तू आणाव्यात. एक म्हणजे फुलस्केप कागदाच्या एकाच बाजूला, रुंद समास सोडून, हाताने लिहिलेला मसुदा. दुसरी म्हणजे त्या मसुद्याच्या वरच्या बाजूला लिहिलेल्या दोन ओळी : मला काय सांगायचे आहे, आणि मी कुठे अडलो आहे. दुसऱ्या ओळीत सुरुवातीला सगळेच ‘शुद्धलेखन’ लिहितात, कारण मराठीच्या शिक्षकाला तेच हवे असते असा त्यांचा शाळेपासूनचा अनुभव असतो. त्यावर नाराज होऊ नये. दुसऱ्या भेटीपर्यंत ती ओळ बदलते.

मसुदा तुम्ही आधी घरी वाचावा की भेटीतच, याबद्दल शिक्षकांमध्ये दोन मते आहेत. आधी वाचला तर आपण तयारीने बोलतो हे खरे, पण तयारी झालेली असली की आपल्याला सगळेच सांगायचे असते, आणि पंधरा मिनिटांचे व्याख्यान होते. मी आधी वाचत नाही. विद्यार्थ्याला मोठ्याने वाचायला लावते आणि कागद त्याच्याच समोर ठेवते. बसण्याची जागाही अशी निवडते की दोघांनाही तो कागद दिसेल, म्हणजे टेबलाच्या कोपऱ्याला काटकोनात. स्टाफरूममध्ये इतर प्राध्यापकांसमोर स्वतःचे लेखन मोठ्याने वाचणे मुलांना नकोसे होते, म्हणून ग्रंथालयाचा कोपरा किंवा दार उघडे असलेला रिकामा वर्ग बरा. दार उघडे असावे हे मुलींच्या आणि शिक्षकांच्या, दोघांच्याही सोयीचे असते. सुरगाणा, पेठ, हरसूलकडील मुलांना एसटीची वेळ गाठायची असते, त्यांना दुपारनंतरची वेळ देऊ नये. अर्धे लक्ष घड्याळाकडे असलेल्या मुलाशी निबंधावर बोलता येत नाही.

मोठ्याने वाचण्याचा एक फायदा फारसा कोणी सांगत नाही. विद्यार्थ्याने कागदावर लिहिलेले असते, ‘सरकारने अनेक योजना जाहीर केले’, आणि वाचताना तो सहज म्हणून जातो, ‘जाहीर केल्या’. त्याला नियम ठाऊक आहे, हात घाईत होता, इतकेच. अशा मुलाला व्याकरण समजावत बसण्यात अर्थ नाही. ‘जे वाचलेस तेच लिहिले आहेस का, पुन्हा बघ’ एवढे पुरते. दुसरा विद्यार्थी तेच वाक्य ‘केले’ असेच वाचतो आणि पुढे जातो. तेथे मात्र कर्माप्रमाणे क्रियापद कसे बदलते हे शांतपणे सांगावे लागते. कागदावर दोघांचीही चूक एकसारखी दिसते आणि लाल पेनाने दोघांनाही एकच शेरा मिळतो. कान दिला तर उपचार वेगळे आहेत हे कळते. वाचता वाचता विद्यार्थी अडखळतो, मागे जातो किंवा एकदम आवाज खाली आणतो, त्या जागांवर मी पेन्सिलीने बारीक टिंब करते आणि काही बोलत नाही.

वाचून झाल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘कागद उलटा ठेव, आणि तुला काय सांगायचे आहे ते मला सांग.’ येथून पुढे काय होते ते एका उदाहरणाने सांगितलेले बरे.

निफाड तालुक्यातील एक मुलगा ‘शेतमालाचे भाव’ या विषयावर मसुदा घेऊन आला होता. पहिला परिच्छेद असा होता : ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे. शेतकरी हा आपला अन्नदाता आहे. परंतु आज शेतकऱ्याची अवस्था अत्यंत दयनीय झाली आहे.’ पुढची दोन पाने याच चालीत होती. शुद्धलेखनाच्या चुका थोड्या होत्या, वाक्यरचना ठीक होती, आणि दोन पाने वाचून झाल्यावर वाचणाऱ्याच्या हाती काहीही लागत नव्हते. लाल पेनाला येथे करण्यासारखे फारसे नव्हतेच. दहापैकी सहा द्यावेत आणि पुढे जावे, असा हा निबंध होता.

कागद उलटा ठेवल्यावर तो काही वेळ गप्प राहिला. मी विचारले, तुमच्या घरी काय पिकते? ‘कांदा.’ मग २०२३ च्या डिसेंबरमध्ये तुमच्याकडे काय झाले? केंद्र सरकारने त्या वर्षी ऑगस्टमध्ये कांद्यावर चाळीस टक्के निर्यातशुल्क लावले होते आणि ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद केली होती. जिल्ह्यातील मुलांना या तारखा पाठ असतात. तो म्हणाला, ‘मॅडम, बंदीची बातमी आली तेव्हा आमचा ट्रॅक्टर भरलेला होता. लाल कांदा होता. उन्हाळ असता तर कांदाचाळीत टाकून ठेवला असता, लाल टिकत नाही. पप्पांनी दोन दिवसांनी मिळेल त्या भावात दिला.’ मी विचारले, म्हणजे भाव कमी मिळाला ही तुझी तक्रार आहे का? तो थांबला. मीही थांबले. मग म्हणाला, ‘भाव तर दरवर्षीच वर-खाली होतो. पण आधी कळलं असतं, तर लागवडच कमी केली असती.’

ही दोन वाक्ये मी त्याच्याच शब्दांत एका चिठ्ठीवर लिहिली, चिठ्ठी त्याच्याकडे सरकवली आणि विचारले, हे तुझ्या निबंधात कुठे आहे? त्याने कागद सरळ केले, दोन्ही पाने पाहिली आणि ‘नाही’ म्हणाला. भेटीचे काम येथे संपले. ‘हेच मुख्य सूत्र धरून लिही, पहिला परिच्छेद काढून टाक, मग कारणे दे’ असे माझ्या अगदी ओठांवर आले होते, आणि ते मी सांगितले असते तर तो निबंध माझा झाला असता. मी फक्त एवढे विचारले, की आता घरी गेल्यावर सर्वात आधी काय करशील? त्याने सांगितले, ‘लाल आणि उन्हाळ कांद्याचा फरक लिहीन, कारण शहरातल्याला तो माहीत नसतो.’ हे उत्तर माझ्या मनातल्या उत्तरापेक्षा चांगले होते. लाल कांदा साठवता येत नाही, म्हणून अचानक आलेला निर्णय त्याला सर्वात जास्त झोंबतो, हा त्याच्या म्हणण्याचा कणा होता, आणि तो त्याला न सांगता सापडला होता.

दुसरा मसुदा आला तो आनंदाने डोक्यावर घ्यावा असा नव्हता. ट्रॅक्टर, बातमी, पप्पा हे सगळे आले होते, पण आता निबंधाची गोष्ट झाली होती. त्यातून कोणता मुद्दा निघतो हे वाचकाने स्वतःच ओळखायचे होते. हे बहुतेक वेळा होते. सर्वसामान्य विधानांतून बाहेर पडलेला विद्यार्थी सरळ आठवणींत जातो, आणि तेथून मुद्द्याकडे परत यायला दुसरी भेट लागते. त्या भेटीत मी त्याला एकच प्रश्न विचारला : मुंबईत चाळीस-पन्नास रुपयांनी किलोभर कांदा घेणारी बाई तुझा निबंध वाचून काय म्हणेल? यावर तो चिडला, मग विचारात पडला, आणि पुढच्या मसुद्यात ग्राहकाची बाजू मांडणारा आणि तिला उत्तर देणारा एक परिच्छेद आला. उत्तर फार भक्कम नव्हते, पण ते त्याचे होते. ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ हे वाक्य मात्र तिन्ही मसुद्यांत पहिल्याच ओळीत राहिले. शाळेतल्या आवडत्या सरांनी शिकवलेली ती सुरुवात होती. मी ते राहू दिले.

येथवर जे सांगितले ते तुमच्या प्रश्नाच्या भाषेत असे : भेट गुणांच्या आधी ठेवा, वाचू त्याला द्या, त्याचे बोललेले शब्द लिहून त्याला परत द्या, आणि पुढची कृती त्याच्या तोंडून वदवून घ्या. ‘समजले का?’ हा प्रश्न शक्यतो टाळा, कारण त्याला आपल्याकडे ‘हो सर’ हे एकच उत्तर असते.

आता याची दुसरी बाजू. केवळ प्रश्न विचारत राहणे हीसुद्धा एक खोड होऊ शकते. जे विद्यार्थ्याला ठाऊक असण्याची शक्यताच नाही, ते त्याच्याकडून प्रश्नांनी काढून घेण्यात त्याचा आणि आपला वेळ जातो, शिवाय तो बिचारा अंदाज बांधत बसतो. शुद्धलेखनाचे नियम हे ठरवलेले नियम आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ मध्ये जोडलेले चार, असे अठरा नियम आपण पाळतो, आणि ते कोणाच्या अंतःकरणातून स्फुरत नाहीत. ते सरळ सांगावेत. मात्र एका भेटीत एकच सांगावा. एकाच विद्यार्थ्याच्या पंचवीस चुका नीट पाहिल्या तर त्या बहुधा दोन-तीन प्रकारांत मोडतात. कोणी ‘मूल’ बरोबर लिहितो पण ‘मूलाला’ असे दीर्घच ठेवतो, ‘वीट’ लिहितो आणि पुढे ‘वीटांची’ करतो. म्हणजे सामान्यरूपात शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरातील दीर्घ ई-ऊ ऱ्हस्व होतो हा एक नियम त्याच्याकडे नाही. कोणी सामान्यरूपाच्या अनेकवचनावरील अनुस्वार विसरतो आणि ‘मुलाना’, ‘लोकाचा’ लिहितो. मी पहिल्या परिच्छेदातील त्या प्रकारची एक चूक दाखवते, नियम सांगते, आणि उरलेल्या परिच्छेदांत त्याच प्रकारच्या किती आहेत ते त्याने शोधायचे. शोधताना पेन त्याच्या हातात असते. बाकीच्या चुका मला दिसत असतात आणि त्यांवर गप्प राहणे मराठीच्या शिक्षकाला किती जड जाते हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

न आणि ण यांच्या गोंधळाबद्दल थोडे सावधपणे बोलावे. बागलाण, मालेगाव, कळवणकडची काही मुले घरी अहिराणी बोलतात, पेठ-सुरगाण्याकडची काही कोकणा बोलतात. लिखित प्रमाण मराठी ही त्यांच्यासाठी शिकलेली भाषा आहे, आणि तीत घरच्या बोलीची छटा उतरली तर त्यात हसण्यासारखे काही नसते. एकेकट्या भेटीचा मोठा लाभ हाच, की हे बोलणे चारचौघांत होत नाही. अशी मुले भेटीत अडखळू लागली की मी त्यांना सांगते, तुझ्या बोलीत सांग. मला अहिराणी पूर्ण येत नाही, पण कळते. बोलीत सांगताना मुद्दा जोडून येतो, क्रम नीट लागतो, आणि मग तोच क्रम प्रमाण भाषेत उतरवायचे काम उरते. सटाण्याकडच्या एका मुलीचा, कागदावर चार ओळींत संपलेला मुद्दा अहिराणीत पाच मिनिटे चालला होता.

सगळेच विद्यार्थी सामान्य विधानांत अडकलेले नसतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांची अडचण उलटी असते. राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून निबंधाच्या स्वतंत्र प्रश्नपत्रिकेची धास्ती वाढली आहे, आणि कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या अभ्यासिकांमधून मुले सुविचार, आकडे आणि कलमे यांनी खच्चून भरलेले निबंध घेऊन येतात. प्रत्येक परिच्छेद स्वतंत्रपणे चांगला असतो आणि कोणताही परिच्छेद कुठेही ठेवला तरी चालतो, हाच त्याचा दोष. अशा विद्यार्थ्याला मी समासात प्रत्येक परिच्छेदासमोर एक वाक्य लिहायला लावते : हा परिच्छेद काय म्हणतो. मग ती वाक्येच तेवढी सलग वाचायची. सिंहस्थ आणि तपोवनातील झाडे या विषयावर लिहिणाऱ्या एका मुलीच्या समासात ‘झाडांचे महत्त्व’, ‘कुंभाचे महत्त्व’, ‘पर्यावरणाचे महत्त्व’ आणि ‘संस्कृतीचे महत्त्व’ असे चार शेरे झाले, आणि ते वाचून ती स्वतःच हसली. कुंभात साधूंच्या मुक्कामासाठी उभारायच्या साधुग्रामासाठी झाडे तोडावीत की नाही, याबद्दल तिचे मत काय, हे चारांपैकी एकाही परिच्छेदात नव्हते. विषय प्रश्नाच्या रूपात लिहून घेतला की हा दोष पुष्कळसा टळतो, म्हणून हल्ली मी निबंधाचे विषय देतानाच प्रश्नाच्या रूपात देते.

काही मुले भेटीत बोलतच नाहीत, अशीही तुमची तक्रार आहे. ती नुसती बुजलेली असतात असे नाही. शिक्षकाने विचारले म्हणजे एक बरोबर उत्तर असते, आणि ते ठाऊक नसेल तर गप्प बसावे, हे त्यांनी बारा-चौदा वर्षांत पक्के शिकलेले असते. त्यांना ‘तुझे मत काय’ असे विचारू नये. जे त्यांना नक्की ठाऊक आहे आणि तुम्हाला नक्की ठाऊक नाही, ते विचारावे. पंचवटीत राहणाऱ्या मुलाला ‘पुराचे दुष्परिणाम’ विचारले तर तो मुका होतो. गोदावरीचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले की तुमच्या गल्लीतले लोक काय काय उचलून वर ठेवतात, हे विचारले तर तो थांबत नाही. तरीही तोंड उघडले नाही, तर तीन मिनिटे त्याला तेथेच लिहायला सांगावे आणि आपण खिडकीबाहेर पाहावे. गप्प बसण्याचा सराव शिक्षकालाच जास्त करावा लागतो. प्रश्न विचारल्यावर आपण दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतो.

चॅटजीपीटीकडून लिहून आणलेल्या मसुद्यांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण ते तुमच्याकडे येत असणारच. मी आरोप करत नाही आणि तपासही करत बसत नाही. कागद उलटा ठेवायला सांगितल्यावर दोन मिनिटांत दोघांनाही सगळे कळलेले असते. त्यानंतर मी एवढेच म्हणते, की हा मसुदा बाजूला ठेवू, आता जे तोंडी सांगितलेस त्यावर पुढच्या भेटीला एक पान आण, आणि ते हाताने लिहून आण. हाताने लिहिण्याने फसवणूक थांबते असे नाही, कारण पाहूनही लिहिता येते. पण पुढच्या भेटीतही कागद उलटा ठेवावा लागणार आहे, हे त्याला आता ठाऊक असते.

नोंदींसाठी एक साधी वही पुरे. प्रत्येक विद्यार्थ्याला एक पान, तारीख, आणि त्याने स्वतः सांगितलेली पुढची कृती त्याच्याच शब्दांत. पुढच्या भेटीची सुरुवात ते वाक्य वाचून करायची. नॅकसाठी, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी, मेंटॉर-मेंटीच्या (मार्गदर्शक शिक्षक आणि त्याचे विद्यार्थी यांच्या) ज्या फायली ठेवाव्या लागतात, त्यांच्यात ही वही मिसळू नका. तेथे सह्या आणि ठरावीक वाक्ये लागतात, आणि एकदा तशी वाक्ये लिहायची सवय झाली की या वहीतही तीच येऊ लागतात.

या सत्रात तुम्ही ऐंशी जणांपासून सुरुवात करू नये, असे माझे मत आहे. दहा जण निवडा, आणि ते सगळे हुशार किंवा सगळे कच्चे नकोत. त्यांचा एकच निबंध घ्या, सबमिशनच्या आठ दिवस आधी एक भेट ठेवा, आणि दोन्ही मसुदे शेजारी ठेवून पाहा. फरक परिच्छेदांच्या रचनेत आणि मुद्द्यात दिसला तर पद्धत चालते आहे. फरक फक्त शुद्धलेखनात दिसला तर समजावे, की बोलण्याचे काम अजून तुम्हीच करता आहात. मग एखाद्या भेटीचे, विद्यार्थ्याची परवानगी घेऊन, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा आणि घरी ऐका. कोण किती बोलले हे ऐकणे थोडे जड जाते, पण कोणत्याही सल्ल्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

लाल पेनाबद्दल : मसुद्यावर पेन्सिल वापरा, तीही टिंबापुरती. लाल पेन अंतिम प्रतीसाठी राहू द्या, कारण तेथे गुण द्यायचे असतात आणि विद्यापीठाच्या नियमांत तुमची सही लागते.